दोन पेले पाणी, साडेतीन लाख किलोमीटरवरून

६ जून २०१४. युरोपीय अवकाश संस्थेचं 'रोझेटा' यान दहा वर्षांचा प्रवास करून एका धूमकेतूजवळ पोहोचत होतं. जवळ म्हणजे तरी किती? अजून साडेतीन लाख किलोमीटर बाकी होते. आपल्यापासून चंद्र जेवढा लांब आहे, त्याहून हे अंतर थोडंसंच कमी. तेवढ्या लांबून यानावरच्या 'मिरो' या उपकरणानं धूमकेतूतून निसटणारी पाण्याची वाफ टिपली आणि तिचं मापही सांगितलं. सेकंदाला साधारण ३०० मिलिलिटर, म्हणजे दोन लहान पेले.

रुग्णालयात काम करणाऱ्या माणसाला हा आकडा चटकन भिडतो. वॉर्डात एका रुग्णाच्या पोटात चोवीस तासांत किती पाणी गेलं आणि लघवीवाटे किती बाहेर पडलं, याचा ताळा लावताना परिचारिकांची पुरेवाट होते. रुग्ण समोर असतो, मोजपात्र हातात असतं, तरी हिशेब जुळत नाही. इथे तर रुग्णही समोर नाही आणि पाणीही डोळ्यांना दिसणारं नाही. मग ते मोजलं कसं? आणि अशा मोजणीवर विश्वास किती ठेवायचा? हा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा, कारण पृथ्वीवरचे समुद्र आले कुठून, या फार मोठ्या प्रश्नाचं उत्तर या मोजणीत दडलेलं आहे.

बर्फ आहे, पण दिसत नाही

धूमकेतूला आपल्याकडे पूर्वी शेंडेनक्षत्र म्हणत. पण तो नक्षत्र नव्हे आणि तारा तर नव्हेच. धूमकेतू म्हणजे धूळ मिसळलेल्या बर्फाचा गोळा, ही कल्पना अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी १९५० मध्ये मांडली. सूर्यमाला तयार होत असताना जे सामान ग्रहांत वापरलं गेलं नाही, ते दूरच्या थंडीत जवळजवळ जसंच्या तसं राहिलं. असा एखादा गोळा सूर्याकडे आला की तापतो आणि त्यातला बर्फ वितळून पाणी न होता थेट वाफ होऊन उडून जातो. देवघरातला कापूर उघडा राहिला की ओल न सोडता नाहीसा होतो, तसंच. म्हणून 'धूमकेतूवर पाणी सापडलं' असं वाचलं की तिथे डबकी असतील असं समजू नये. तिथे असतो बर्फ आणि त्याची वाफ.

गंमत अशी, की तो बर्फही सहसा दिसत नाही. रोझेटाच्या धूमकेतूचं नाव '६७पी चुर्युमोव्ह-गेरासिमेन्को'. १९६९ मध्ये या दोन शास्त्रज्ञांनी तो शोधला. जवळून पाहिल्यावर तो कोळशासारखा काळा निघाला. अंगावर पडणाऱ्या प्रकाशातला जेमतेम सहा टक्के तो परत पाठवतो. पृष्ठभागावर धूळ आणि काळसर सेंद्रिय पदार्थांचा थर, आणि बर्फ त्याखाली. काही ठिकाणी मात्र तो उघडा पडलेला आढळला. धूमकेतूच्या दोन फुगीर भागांना जोडणाऱ्या मानेसारख्या भागात तर एक सुरेख चक्र दिसलं. सावली पडली की आतून येणारी वाफ पृष्ठभागावर गोठते, ऊन आलं की पुन्हा उडून जाते. साडेबारा तासांच्या तिथल्या दिवसात हे रोज चालतं.

ओळख पटवण्याच्या तीन वाटा

पाण्याची ओळख पटवण्याच्या मुख्य वाटा तीन आहेत. प्रत्येकीचं बलस्थान वेगळं आणि कच्चा दुवाही वेगळा.

पहिली वाट तुकड्यांवरून ओळखण्याची. सूर्याच्या अतिनील किरणांनी पाण्याचा रेणू फुटतो. त्यातून हायड्रोजनचा अणू सुटतो आणि ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी मागे राहते. हे दोन्ही तुकडे अतिनील प्रकाशात चमकतात. पण हायड्रोजनची ही चमक आपलं वातावरण जमिनीपर्यंत येऊ देत नाही. १९७० च्या सुरुवातीला अमेरिकेच्या 'ओएओ-२' या कृत्रिम उपग्रहानं वातावरणाबाहेरून एका धूमकेतूकडे पाहिलं, तेव्हा त्याच्याभोवती हायड्रोजनचा सूर्याहूनही मोठा ढग आढळला. पुढे १९९७ मध्ये हेल-बॉप धूमकेतूभोवतीचा असाच ढग 'सोहो' यानानं पाहिला. तो दहा कोटी किलोमीटर पसरलेला होता.

कावीळ झालेल्या रुग्णाच्या तांबड्या पेशी फुटताना आम्हा डॉक्टरांना दिसत नाहीत. रक्तात वाढलेल्या बिलिरुबिनवरून आम्ही ते ताडतो. पण बिलिरुबिन यकृताच्या आजारातही वाढतं, म्हणून नुसत्या त्या आकड्यावर निदान करता येत नाही. हायड्रोजनच्या ढगाचं तसंच होतं. पुरावा भक्कम, पण आडवळणाचा.

दुसरी वाट प्रकाशाच्या वर्णपटाची. प्रत्येक रेणू ठरावीक लहरी शोषतो आणि ठरावीक लहरी सोडतो. करोनाच्या काळात घरोघरी पोहोचलेला पल्स ऑक्सिमीटर याच तत्त्वावर चालतो. त्याला रक्तातला ऑक्सिजन दिसत नाही. लाल आणि अवरक्त प्रकाश बोटात किती शोषला गेला, यावरून तो आकडा काढतो. पाण्याची वाफ अवरक्त प्रकाशात २.७ मायक्रॉनच्या आसपास आपली खूण उमटवते. अडचण अशी, की आपल्या डोक्यावरच्या हवेतही वाफ आहे आणि तीही तीच खूण उमटवते. डिसेंबर १९८५ मध्ये शास्त्रज्ञांनी दुर्बीण बसवलेल्या 'कायपर' या विमानातून, म्हणजे बहुतेक वाफेच्या वर जाऊन, हॅलेच्या धूमकेतूकडे पाहिलं. धूमकेतू वेगानं सरकत असल्यामुळे त्याच्या वाफेची खूण पृथ्वीवरच्या वाफेच्या खुणेपासून किंचित बाजूला सरकली होती. तेवढ्या फटीतून धूमकेतूची वाफ पहिल्यांदा थेट ओळखता आली. मार्च १९८६ मध्ये सोव्हिएत 'वेगा-१' यानानंही अवरक्त प्रकाशातच तिला दुजोरा दिला.

रोझेटावरचं 'मिरो' याच घराण्यातलं, फक्त ते सूक्ष्मलहरींवर चालायचं. पाण्याचा रेणू सतत गिरक्या घेत असतो. गिरकीचा वेग बदलला की तो नेमक्या वारंवारतेची ऊर्जा घेतो किंवा सोडतो. त्यातली एक आहे ५५७ गिगाहर्ट्झची. मिरोचा अँटेना अवघा ३० सेंटिमीटरचा, जेवणाच्या ताटाएवढा. तेवढ्यावर त्यानं ते दोन पेले मोजले. ऑगस्टच्या अखेरीस गळती सेकंदाला सव्वा लिटरच्या घरात गेली होती. पुढच्या वर्षी, १३ ऑगस्ट २०१५ ला धूमकेतू सूर्याच्या सर्वांत जवळ आला, त्या सुमारास तर सेकंदाला शेकडो किलो पाणी उडून जात होतं.

तिसरी वाट म्हणजे वाफ थेट उपकरणात घेऊन तिचं वजन करणं. त्यासाठी यानाला धूमकेतूच्या वायूत शिरावं लागतं. १३ आणि १४ मार्च १९८६ च्या मधल्या रात्री 'जॉटो' यान हॅलेच्या केंद्रकापासून सुमारे ६०० किलोमीटरवरून गेलं, तेही सेकंदाला ६८ किलोमीटर वेगानं. या वेगात धुळीचा कणही गोळीसारखा लागतो. सर्वांत जवळ पोहोचायला काही सेकंद उरले असताना अशाच एका कणानं यानाला हेलपाटून टाकलं. पण तोवर माप घेऊन झालं होतं. धूमकेतूतून निघणाऱ्या दर शंभर रेणूंपैकी सुमारे ८० पाण्याचे निघाले. व्हिपल यांचं म्हणणं खरं ठरलं.

वजनाचा काटा आणि जड पाणी

रोझेटानं हॅलेसारखी धावती भेट घेतली नाही. ऑगस्ट २०१४ ते सप्टेंबर २०१६ अशी दोन वर्षं ते धूमकेतूच्या सोबतीनं फिरलं. त्याच्यावरचा वजनकाटा म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठाच्या कॅथरिन आल्टवेग यांच्या नेतृत्वाखाली चाललेलं 'रोझिना' हे उपकरण. त्यातल्या मास स्पेक्ट्रोमीटरचं काम समजायला सोपं आहे. आत आलेल्या रेणूंना विद्युतभार द्यायचा, त्यांना पळवायचं आणि वाटेत वळण द्यायचं. घाटातल्या वळणावर रिकामी रिक्षा चटकन वळते, भरलेला ट्रक लांबून वळतो. कोण कुठे पोहोचलं, यावरून वजन कळतं.

साध्या पाण्याच्या रेणूचं वजन १८. पण निसर्गात थोडं पाणी १९ वजनाचंही असतं. त्यात एका हायड्रोजनच्या जागी त्याचा दुप्पट वजनाचा भाऊ, ड्युटेरियम, बसलेला असतो. दोन्ही जागी ड्युटेरियम असेल तर त्याला आपण जड पाणी म्हणतो. रायगड जिल्ह्यातल्या थळच्या प्रकल्पामुळे आणि तारापूरच्या अणुभट्ट्यांमुळे हा शब्द आपल्याकडे अनेकांच्या कानावरून गेलेला आहे. रोझिनापुढची अडचण अशी, की ऑक्सिजनचा एक दुर्मीळ, किंचित जड प्रकार असलेलं पाणीही १९ वजनाचंच भरतं. दोन्हींत फरक पडतो तो दशांश चिन्हानंतरच्या तिसऱ्या घरात. तो वेगळा काढणारं उपकरण अवकाशात नेऊन चालवणं ही मोठीच कमाई होती.

एवढा खटाटोप कशासाठी? ड्युटेरियमचं प्रमाण म्हणजे पाण्याचा जन्मदाखला आहे म्हणून. पाण्याचा बर्फ जितक्या कडक थंडीत बनला, तितकं त्यात ड्युटेरियम जास्त अडकतं. आणि एकदा अडकलं की ते सहजी बदलत नाही. पृथ्वीच्या समुद्रात एक लाख हायड्रोजन अणूंमागे ड्युटेरियमचे सुमारे १६ अणू असतात. धूमकेतूच्या पाण्यातही १६ च्या आसपास आढळले, तर आपलं पाणी तिथून आलं असण्याची शक्यता वाढते. फार जास्त आढळले, तर निदान त्या जातीचे धूमकेतू बाद.

हॅलेत हे प्रमाण ३० च्या आसपास निघालं, म्हणजे समुद्राच्या दुप्पट. शास्त्रज्ञांचा धूमकेतूंवरचा विश्वास डळमळला. मग २०११ मध्ये 'हर्शेल' या अवकाश दुर्बिणीनं हार्टली-२ या धूमकेतूत १६ हा आकडा मोजला, थेट समुद्राइतका. पारडं पुन्हा धूमकेतूंकडे झुकलं. डिसेंबर २०१४ मध्ये रोझिनाचा निकाल आला तो ५३, समुद्राच्या तिपटीहून जास्त. 'पृथ्वीवरचं पाणी धूमकेतूंनी आणलं नाही' असे मथळे जगभर छापून आले आणि लघुग्रहांचं नाव पुढे सरकलं, कारण तिथून आलेल्या काही उल्कांमध्ये हे प्रमाण समुद्राशी बऱ्यापैकी जुळतं. २०१९ मध्ये 'सोफिया' या विमानातल्या दुर्बिणीनं विर्टानेन धूमकेतूत पुन्हा १६ मोजले. पारडं वर-खाली होतच राहिलं.

नमुना कुठून घेतला?

गोष्टीला खरं वळण मिळालं ते नोव्हेंबर २०२४ मध्ये. 'नासा'च्या कॅथलिन मँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोझिनाची जुनी मोजमापं पुन्हा काढली. २०१४ चा निष्कर्ष मोहिमेच्या पहिल्या काही आठवड्यांतल्या नोंदींवर बेतलेला होता. या गटानं संगणकाच्या मदतीनं संपूर्ण मोहिमेतल्या १६ हजारांहून जास्त नोंदी तपासल्या. त्यांना दिसलं असं, की यानाभोवती धूळ जास्त असते तेव्हा ड्युटेरियमचा आकडाही फुगतो.

त्यांनी दिलेलं कारण पटण्यासारखं आहे. ड्युटेरियम असलेलं पाणी धुळीच्या कणांना जास्त चिकटून राहतं. हे कण केंद्रकापासून दूर जाताना तापतात आणि चिकटलेलं पाणी सोडतात. यान अशा धुळीत असेल, तर त्याच्या वाट्याला जड पाणी नेहमीपेक्षा जास्त येतं. केंद्रकापासून साधारण १२० किलोमीटरच्या पुढे कण कोरडे झालेले असतात आणि तिथलं माप खरं. ते त्यांच्या मते २६ च्या आसपास येतं, समुद्राच्या दीडपटीहून थोडं जास्त. ५३ आणि २६ यांत केवढं अंतर आहे पाहा.

आमच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी एक गोष्ट बजावून सांगितली जाते. ज्या हाताला सलाइन चालू आहे, त्या हातातून रक्त काढायचं नाही. त्या बाटलीत ग्लुकोज असेल तर रक्तातली साखर भलतीच वाढलेली दिसते. प्रयोगशाळेतलं यंत्र बरोबर असतं, तंत्रज्ञानं कामही चोख केलेलं असतं, अहवालावरचा आकडा त्या नळीतल्या रक्तापुरता खरा असतो. फक्त तो रुग्णाचा नसतो. त्यावर विसंबून कुणी इन्सुलिन दिलं, तर रुग्णाच्या जिवाशी खेळ होतो. मँट यांचं म्हणणं याच प्रकारचं आहे. रोझिनाचा काटा बरोबर होता, पण नमुना सलाइनच्या हातातून घेतलेला होता.

नमुना गढूळ करणारं आणखी एक कारण तर खुद्द यानच होतं. पृथ्वीवर बांधलेल्या यानाच्या रंगात, वेष्टनात, जोडांत इथली दमट हवा मुरलेली असते. उड्डाणानंतर कित्येक वर्षं ती थोडी थोडी बाहेर पडत राहते. धूमकेतू गाठण्याच्या आधी वर्षानुवर्षं रोझिना आपल्याच यानाचा श्वास मोजत होती आणि त्यात मुख्यतः पाणीच होतं, तेही पृथ्वीवरचं. धूमकेतूचं पाणी सांगताना हे घरचं पाणी आधी वजा करावं लागलं. पाण्याच्या शोधात निघालेला माणूस ओल्या कपड्यांनिशी निघावा, तसा हा प्रकार.

तर मग आता २६ हाच अंतिम आकडा समजायचा का? तसंही नाही. मूळ रोझिना गटानं २०२२ मध्ये लांब पल्ल्याच्या नोंदी तपासून आकडा ५० च्या जवळच असल्याचं आणि धूमकेतूचा जोर कमी-जास्त झाला तरी तो फारसा बदलत नसल्याचं प्रसिद्ध केलं होतं. म्हणजे उपकरण एक, धूमकेतू एक आणि वाचन दोन. एकाच एक्स-रेवर दोन तज्ज्ञांची मतं वेगळी पडतात, तेव्हा रुग्णाचे नातेवाईक वैतागतात. ते स्वाभाविक आहे. पण ज्या फिल्मवर दुसरं मत घेता येतं, ती फिल्म जपून ठेवलेली असते, हेही तेवढंच खरं. रोझेटाच्या सगळ्या नोंदी जगातल्या कोणत्याही अभ्यासकाला पाहता येतात. यान ३० सप्टेंबर २०१६ ला धूमकेतूवर उतरून कायमचं शांत झालं. त्याच्या नोंदींवर आठ वर्षांनी नवा प्रश्न विचारता आला, याचं श्रेय त्या जपणुकीला आहे.

आपल्या अंगातलं पाणी

हा वाद फार दूरचा वाटत असेल, तर तो स्वतःच्या शरीरात आणून पाहू. साठ किलो वजनाच्या प्रौढ माणसाच्या अंगात ढोबळमानानं ३६ लिटर पाणी असतं. समुद्राचं प्रमाण धरून हिशेब केला, तर त्यात ड्युटेरियम असलेलं पाणी भरतं सुमारे १२ ग्रॅम, म्हणजे दोन-अडीच चमचे. ते आपल्यासोबत जन्मापासून आहे आणि त्याचा काहीही त्रास नाही. 'ड्युटेरियम काढून टाकलेलं' पाणी आरोग्यदायी म्हणून महागड्या बाटल्यांतून विकलं जातं, काही जण तर कॅन्सर बरा होण्याच्या गोष्टीही करतात. त्यामागे भक्कम वैद्यकीय पुरावा नाही. पैसे वाचवावेत.

उलट हेच ड्युटेरियम वैद्यकाच्या उपयोगी पडलेलं आहे. माणूस रोजच्या व्यवहारात खरोखर किती उष्मांक खर्च करतो, हे मोजण्याची सर्वांत विश्वासार्ह मानली जाणारी पद्धत अशी. ड्युटेरियम आणि जड ऑक्सिजन असलेलं थोडं पाणी मोजून प्यायला द्यायचं आणि पुढचे काही दिवस लघवीचे नमुने घ्यायचे. ड्युटेरियम शरीराबाहेर फक्त पाण्यावाटे जातं. जड ऑक्सिजन पाण्यावाटे जातो आणि उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवाटेही. दोघं किती वेगानं कमी झाले, यातल्या फरकावरून उच्छ्वासाचा आणि त्यावरून उष्मांकांचा हिशेब निघतो. १९५० च्या दशकात नेथन लिफसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत बसवली. त्या लघवीच्या नमुन्यातलं माप घेणारा मास स्पेक्ट्रोमीटर रोझिनाच्याच घराण्यातला. एक काटा नवजात बाळाला किती उष्मांक लागतात हे सांगतो, दुसरा समुद्राचा जन्मदाखला तपासतो.

समुद्र कुठून आला, याचं उत्तर बहुधा एकाच शब्दात मिळणार नाही. काही पाणी पृथ्वी घडतानाच तिच्या खडकांत असेल, काही लघुग्रहांनी आणलं असेल, काही धूमकेतूंनी. प्रश्न वाट्याचा आहे आणि वाटा ठरवण्यासाठी आणखी धूमकेतूंचं माप हवं. युरोपीय अवकाश संस्थेची 'कॉमेट इंटरसेप्टर' मोहीम २०२९ च्या सुमारास निघण्याचं नियोजन आहे. शक्य झाल्यास सूर्याजवळ प्रथमच येणारा धूमकेतू गाठायचा तिचा बेत आहे. तिच्यासोबतही वजनकाटा असेल.

तिचे निकाल येतील तेव्हा पुन्हा ठळक मथळे छापले जातील. वाचकांनी एकच सवय लावून घ्यावी, जी आम्ही रक्ताच्या अहवालाबाबत लावून घेतो. आकडा वाचण्याआधी विचारायचं, नमुना कुठून घेतला, केव्हा घेतला आणि त्यात दुसरं काही मिसळलं नव्हतं ना? घरातला साखरेचा अहवाल असो की धूमकेतूवरच्या पाण्याचा, हे विचारायला पदवी लागत नाही.